काडीवरचा तिबोटी



‘फोटो काढल्याने पक्ष्याचं काय बिघडतं?’ असं विचारणारं पत्र वाचलं. तिबोटी खंड्यापुरतं उत्तर देतो.

चिमणीएवढा हा पक्षी पावसाळ्यात कोकणात येतो, वहाळाकाठच्या दरडीत बीळ खोदून पिल्लं वाढवतो. चोचीत सापसुरळी धरून काडीवर ऐटीत बसलेला त्याचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय. ती काडी मात्र अनेकदा छायाचित्रकारानेच बिळासमोर रोवलेली असते. आणि ती ऐटही नसते. समोर माणसं दिसली की तो घास घेऊन बिळात शिरायला कचरतो, ताटकळत राहतो. आत पिल्लं उपाशी. आपण त्याला ‘पोझ’ म्हणतो! आपल्या ये-जा करण्याने मळलेली वाट मुंगसालाही बीळ दाखवते, ते वेगळंच.

पत्रलेखक म्हणतात, आमच्या हातात बंदूक थोडीच असते? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांच्या घरट्यांना त्रास देणं शिकारीच्या व्याख्येतच घातलंय. मोठ्या लेन्सला माझा विरोध नाही. ती दूर थांबता यावं म्हणूनच असते ना? हिवाळ्यात भाट्याच्या किनाऱ्यावर या, कुरवांचे हवे तेवढे फोटो काढू. लांबूनच.

– एक पक्षीनिरीक्षक, रत्नागिरी