साचा जुना, रंग नवा

घरात विमान होणारा निळा रोबो आहे आणि दुकानात तसाच काळा दिसतोय. मूल म्हणतं, "हा वेगळा आहे!" तुम्ही म्हणता, "अरे, तोच तर आहे!" गंमत म्हणजे तुमचं दोघांचंही बरोबर असतं.

ट्रान्सफॉर्मर्सची सुरुवातच मुळी अशी झाली. १९८४ साली अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने जपानच्या टाकारा कंपनीचे रूप बदलणारे रोबो नव्या नावांनी बाजारात आणले. त्यांत एफ-१५ लढाऊ विमान होणारे तिघे होते: करडा-लाल स्टारस्क्रीम, निळा थंडरक्रॅकर आणि काळा-जांभळा स्कायवार्प. तिघांचा साचा एकच! पण कार्टूनमध्ये स्टारस्क्रीम सरदाराच्या गादीवर डोळा ठेवून असलेला कारस्थानी, तर स्कायवार्प इथे गायब होऊन तिथे प्रकटणारा. रंग बदलला आणि स्वभावही बदलला.

कंपन्या असं का करतात? पोलादी साचा घडवायला भरपूर पैसा आणि वेळ लागतो. एकदा तो तयार झाला, की त्यात दुसऱ्या रंगाचं प्लॅस्टिक ओतणं त्यामानाने स्वस्त. आपल्याकडेही हे झालं आहे. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ साली सुरू झालेल्या फनस्कूलने जी. आय. जो सैनिक भारतात बनवले. त्यांतल्या अनेकांचे रंग अमेरिकेतल्या सैनिकांपेक्षा निराळे होते. आज परदेशातले संग्राहक तेच निराळे रंग शोधत असतात.

यात फसवणूक आहे, असं लगेच म्हणू नका. पेणच्या गणपतींचंच बघा. एका साच्यातून कितीतरी मूर्ती निघतात. पण रंगकाम झालं, डोळ्यांची आखणी झाली, की त्यांतली एकच आपल्याला 'आपली' वाटते. मुलांचं रोबोंच्या बाबतीत तसंच होतं.

तरीही पैसे मोजण्याआधी जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवून, नाहीतर निदान फोटो मोठे करून, या गोष्टी पाहा.

नवं काय आहे? फक्त रंग, की डोकं, हत्यार, जोडभागही? १९८६ चा अल्ट्रा मॅग्नस घ्या. त्याच्या ट्रकचा पुढचा भाग म्हणजे पांढऱ्या रंगातला ऑप्टिमस प्राइमच. पण मागचा मोटारी वाहून नेणारा ट्रेलर नवा होता आणि तो चिलखतासारखा चढवला की उंच, वेगळाच रोबो तयार व्हायचा. असा बदल असेल तर जादा पैशांना अर्थ आहे.

रंग प्लॅस्टिकचा आहे की वरून दिलेला? रूप बदलताना जे भाग एकमेकांवर घासतात, तिथला वरचा रंग आधी खरवडला जातो. प्लॅस्टिकच मूळ त्या रंगाचं असेल तर ओरखडा उठून दिसत नाही.

सांधे कसे आहेत? रोबोला एका पायावर तोलून पाहा, हात वर करून सोडा. हात आपोआप खाली आला तर सांधा सैल आहे. रंगासोबत प्लॅस्टिकची ताकदही बदलू शकते. जुन्या ट्रान्सफॉर्मर्समधलं सोनेरी चमक मिसळलेलं प्लॅस्टिक यासाठी कुप्रसिद्ध आहे. काही वर्षांनी ते इतकं ठिसूळ होतं, की नुसतं वळवलं तरी तुकडा पडतो. जुना सोनेरी रोबो कोणी विकत असेल तर जपून.

आणि सर्वांत महत्त्वाचं, रंग सुरक्षित आहे का? लहान भावंडं हाती येईल ते तोंडात घालतात. सदर बाजारच्या तेलीवाड्यातून घ्या की नोएडाच्या मॉलमधून, खोक्यावर आयएसआय चिन्ह हवंच. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे, आयात केलेल्या खेळण्यांनाही. चिन्हाखालचा सीएम/एल क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना खरा आहे का ते कळतं. खोकं चकचकीत पण चिन्ह नाही, तर ते खेळणं तिथेच ठेवा.

एवढं पाहून झालं की मुलालाच विचारा, "याच्यात तुझ्या जुन्या रोबोपेक्षा वेगळं काय आहे?" "हा निळ्याचा भाऊ आहे, पण दोघांचं पटत नाही," असं उत्तर आलं, तर खेळ आधीच सुरू झालाय असं समजा. वाढदिवस जवळ असेल तर आणा. "सगळ्यांकडे आहे," एवढंच उत्तर असेल, तर महिनाभर थांबायला हरकत नाही.

तिसरा मार्गही आहे. घरातला जुना, रंग उडालेला रोबो काढा. साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग आणि बारीक ब्रश घ्या. पातळ थर द्या, पहिला वाळल्यावरच दुसरा. सांधे आणि घासणारे भाग मात्र कोरे ठेवा, नाहीतर रोबो अडकून बसेल. घरात तान्हं बाळ असेल तर हा उद्योग नको. मोठ्या मुलांना मात्र रंगवू द्या आणि नावही त्यांनाच ठेवू द्या. तसा रोबो कुठल्याच दुकानात मिळणार नाही.