मावशीला कुणी विचारायचे?

दिवाळी आली की आमच्या अंतःकरणात दयेला भरती येते. या भरतीचे पाणी वसुबारसेपासून चढू लागते आणि भाऊबिजेपर्यंत थेट वृद्धाश्रमाच्या ओसरीला जाऊन लागते. फराळाचे डबे येतात, ब्लँकेटे येतात, छायाचित्रे निघतात. ज्यांच्या तोंडात एक दात शिल्लक नाही अशा आजोबांच्या हातावर चकली ठेवली जाते. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या आजीला, "एका लाडवाने काय होतंय हो!" असा प्रेमळ आग्रह होतो. मग मंडळी कृतार्थ मनाने घरी परततात. रात्री त्या लाडवाचे जे व्हायचे ते होते, आणि ते निस्तरायला एक बाई जागी असते. आजीला लाडू चालतो का, असे तिला कोणी विचारलेले नसते. आजीने लाडू खाल्ला आहे, हेही तिला कोणी सांगितलेले नसते.

या लेखाचा विषय ती बाई आहे. तिला आपण आया म्हणतो, मावशी म्हणतो. पुरुष असला तर मामा म्हणतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठवणे, न्हाऊ घालणे, भरवणे, त्याचे मलमूत्र काढणे ही तिची कामे. परिचारिका वेगळी. तिच्यापाशी शिक्षण असते, परीक्षा असते, आणि 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याखाली तिचे नाव एका नोंदवहीत असते. मावशीचे नाव कोणत्याही नोंदवहीत नसते. पुष्कळदा ते ज्याची ती सेवा करते त्यालाही ठाऊक नसते. वाचकहो, "मावशी" हा शब्द गोड आहे, पण त्यात एक लबाडी आहे. हुद्दा दिला की पगार द्यावा लागतो, शिकवावे लागते, जबाबदारी ठरवून द्यावी लागते. नाते मात्र फुकट देता येते! आईची बहीण म्हणायचे, आणि आईचा जीव तिच्या हवाली करून, तिला काय येते हे न विचारता, आपण मोकळे व्हायचे.

कोणी म्हणेल, हे पुण्या-मुंबईचे दुखणे. बीडसारख्या जिल्ह्यात कसले वृद्धाश्रम आणि कसल्या आया? हा गैरसमज आहे. उलट आमच्या जिल्ह्याइतकी ही निकड फार थोड्या ठिकाणी असेल. दसरा उरकला की गावेच्या गावे आणि तांडेच्या तांडे उचल फेडायला साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयता ट्रकात चढतो आणि मागे राहते ते कोयत्याच्या कामाचे नसलेले माणूस. हंगाम संपेपर्यंत, म्हणजे चार-सहा महिने, त्या म्हाताऱ्याला पाणी कोणी द्यायचे? कुठे शेजारीण देते, कुठे नातवंड देते, कुठे आश्रमाची वाट धरावी लागते. आणि गंमत अशी की, ब्युरोमार्फत परक्यांच्या आईबापांची बारा-बारा, चोवीस-चोवीस तास सेवा करायला शहरात जातात, त्या बायकाही अशाच खेड्यांतल्या असतात. आमचे म्हातारे गावी एकटे आणि आमच्या सुना शहरातल्या म्हाताऱ्यांच्या उशाशी, असा हा व्यवहार आहे.

अशाच एका आश्रमातली हकीकत सांगतो. गाव आणि नाव महत्त्वाचे नाही. एक आजी चौथ्या दिवशी बेशुद्ध झाल्या तेव्हा डॉक्टर आले. "जेवण कधीपासून बंद आहे?" असे त्यांनी विचारले. व्यवस्थापकांनी परिचारिकेकडे पाहिले, परिचारिकेने कागदाकडे पाहिले. कागदावर जेवणाच्या रकान्यात रोज "होय" लिहिलेले होते, कारण ताट रोज दिले जात होते. कोपऱ्यात फडके पिळत उभी असलेली मावशी हलकेच म्हणाली, "तीन दिस झालं, भाकर कुस्करून दिली तरी गिळंना. पानी बी गालातच धरायच्या." डॉक्टर चिडले, "मग सांगितलं का नाही?" ती म्हणाली, "मला कुनी इचारलंच न्हाई."

हे चार शब्द म्हणजे आपल्या साऱ्या व्यवस्थेवरचे दोषारोपपत्र आहे. त्या खोलीत खरी माहिती एकाच माणसापाशी होती, आणि बोलण्याचा अधिकार नेमका त्यालाच नव्हता.

सेवेच्या कामाविषयी आपली अशी समजूत आहे की ते हातांचे काम आहे. मी म्हणतो, ते निम्मे हातांचे आणि निम्मे तोंडाचे आहे. खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, हे हातांचे काम झाले. पण माकडहाडावरची कातडी लाल दिसते आणि बोटाने दाबली तरी लाली जात नाही, हे वेळीच सांगणे हे तोंडाचे काम आहे. ते आज सांगितले तर आठ दिवसांत भागते. न सांगितले तर त्या जागी हाडापर्यंत जखम होते. भरवताना माणसाला टेकून बसवायचे आणि नंतर अर्धा तास तसेच ठेवायचे, हे शिकवावे लागते. आडव्या माणसाच्या तोंडात पेज घातली तर ती श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला सूज येते. म्हातारपणी कधी कधी ताप न येताच माणूस अचानक बरळू लागतो, लोक म्हणतात, "वय झालं." वास्तविक ते लघवीतल्या जंतुदोषाचे लक्षणही असू शकते. कालची आजी आणि आजची आजी यांत फरक पडला आहे हे कोणाला कळणार? जिने काल तिला न्हाऊ घातले तिलाच ना?

आणि भाषेचे काय? आमच्याकडची म्हातारी माणसे "छातीत दुखते" असे पुस्तकातल्यासारखे सांगत नाहीत. "कसंनुसं व्हतंय", "जीव घाबरा व्हतोय", "आंग जड पडलंय", "डोळ्यापुढं अंधारी येती", असे म्हणतात. तांड्यावरची आजी गोरमाटीत बोलते, मोहल्ल्यातले चाचा दखनीत बोलतात. परगावाहून आलेल्या डॉक्टरला यातला भेद उमगेलच असे नाही. मावशीला उमगतो. ती रोग्याची जीभ आहे. अशा दुभाष्याला आपण झाडू देतो आणि गप्प उभी राहा म्हणतो!

यावर तीन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की, या बाया अडाणी. त्यांना काय सांगता येणार? हा आक्षेप घेणाऱ्यांनी आष्टी-पाटोद्याच्या शेजारी, जामखेडला जाऊन यावे. तिथे 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यांतल्या बायकांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर आणि दलित, आरोग्याचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. त्या बायकांनी बाळंतपणे केली, बालकांची वजने केली, रोग ओळखले. आणि 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांकडून नवजात बाळांचे प्राण वाचवून दाखवले. आकडे मोजता न येणाऱ्या बाईलाही बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांचे साधन तयार केले. 2005 नंतर आलेल्या आशाताई गावोगाव नोंदवह्या सांभाळतात. तेव्हा बाई अडाणी आहे असे नव्हे. तिला शिकवायला आपल्याला सवड झाली नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप पैशाचा. एक वही आणि एक पेन्सिल यांना किती पैसे लागतात? पाणी किती प्याली, किती खाल्ले, शौचास झाली का, कूस कधी बदलली, कातडी कशी आहे, आज वेगळे काय दिसले, हे सहा रकाने. लिहिता येत नसेल तिने चित्रावर खूण करावी. पाळी बदलताना जाणारीने येणारीला खाटेपाशी उभे राहून पाच मिनिटे सांगावे. ज्या अंबाजोगाईत दासोपंतांनी लांबलचक पासोडीवर ग्रंथ लिहून ठेवला, त्या जिल्ह्यात म्हाताऱ्याच्या खाटेपाशी वहीचे एक पान असू नये?

तिसरा आक्षेप सर्वांत गोंडस. म्हणे सेवा ही हृदयातून यावी लागते, ती शिकवून येत नाही. प्रेम हवेच, पण प्रेमाला घड्याळ कळत नाही. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालायला आईदेखील जाणत्या बाईकडून शिकते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी 1859 साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिले, तेव्हा रुग्णाचे निरीक्षण कसे करावे यावर स्वतंत्र प्रकरण घातले. आणि भेटीला येऊन पोकळ आशा आणि उपदेश वाटणाऱ्या मंडळींवर आणखी एक. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी आमची दिवाळीची मंडळी त्या दुसऱ्या प्रकरणातून बाहेर आलेली नाहीत.

सरकारचे म्हणाल तर 2007 चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम असावा, असे त्यात म्हटले आहे. म्हाताऱ्याला सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांची कैद सांगितली आहे. खाटांचा आकडा ठरला, शिक्षेचा ठरला. खाटेपाशी उभ्या राहणाऱ्या बाईला काय आले पाहिजे, ते त्या कलमांत नाही. 2019 साली लोकसभेत दुरुस्तीचे विधेयक आले, त्यात घरी जाऊन सेवा करणाऱ्यांचा विचार होता. पण ती लोकसभा मुदत संपवून गेली आणि विधेयकही तिच्याबरोबर गेले. कौशल्य विकासाच्या यादीत "जनरल ड्यूटी असिस्टंट" नावाचा अभ्यासक्रम आहे. नाव असे, की आमच्या मावशीला ते उच्चारतानाच धाप लागावी!

सेवा करणाऱ्याच्या शब्दाला किती किंमत असू शकते, हे या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकदा दाखवून दिले आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 1973 च्या नोव्हेंबरात त्याच रुग्णालयातल्या एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. पुढे 2015 च्या मे महिन्यात मृत्यू येईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, तिथल्या परिचारिकांनी आणि कर्मचाऱ्यांनी त्यांना सांभाळले. इतकी वर्षे खिळूनही त्यांना शय्याव्रणे झाली नव्हती. त्यांच्या दयामरणाचा अर्ज न्यायालयापुढे आला तेव्हा प्रश्न पडला, त्यांच्या वतीने बोलायचे कोणी? 2011 साली न्यायालयाने निर्वाळा दिला की, रात्रंदिवस सेवा केली त्या रुग्णालयातील लोकांचा हा अधिकार. एकाच इमारतीत दोन्ही टोके दिसली: निराधार देहाशी माणूस किती नीच वागू शकतो, आणि किती थोर. म्हणूनच हे काम कोणाच्याही हाती, न पारखता, न शिकवता देण्याचे नव्हे.

आता चार शब्द मावश्यांना आणि मामांना. अधिकार मागायचा तर जबाबदारीही घ्यावी लागेल. अंगाला हात लावण्यापूर्वी "आजी, कूस बदलते हं" असे सांगा. त्या बोलत नसल्या तरी सांगा. न्हाऊ घालताना आडोसा धरा. खाटेवरची गोष्ट पारावर नेऊ नका. डॉक्टरने सांगितलेल्या गोळीत आपल्या मनाने कमी-जास्त करू नका; नातेवाइकांना खोटी आशा देऊ नका. कोणाच्या कागदावर म्हाताऱ्याचा अंगठा उठवायला मदत करू नका. आणि माणूस पडला, तर लपवू नका. पडणे हा अपघात आहे. लपवणे हा गुन्हा आहे.

पण ती लपवते का, हेही पाहिले पाहिजे. खरे सांगणारीला त्याच दिवशी हिशेब देऊन घालवतात, म्हणून ती लपवते. तेव्हा प्रत्येक आश्रमाच्या आणि घराच्या मालकाने एक नियम भिंतीवर लिहावा: सांगणारीला बोल लावणार नाही. मग पाहा, किती जखमा लालीवरच थांबतात.

या दिवाळीत आपण आश्रमात जाणार असाल तर अवश्य जा. नेलेला डबा थेट खाटेवर नेऊ नका. आधी मावशीला तिचे नाव विचारा. मग विचारा, "यातलं कुणाला काय चालतं?" तिच्यासाठी एक ताट वेगळे काढा, तिला खुर्ची द्या, आणि ती काय सांगते ते लिहून घ्या. आपल्या घरी आई-आजोबांपाशी कोणी बाई ठेवली असेल तर रोज संध्याकाळी पाच मिनिटे तिच्यासमोर बसा. "सगळं ठीक आहे ना?" असे विचारू नका, त्याला "होय" एवढेच उत्तर येते. विचारा, "आज काय वेगळं दिसलं?"

एवढे विचारले तरी पुष्कळ म्हातारी माणसे पुढची दिवाळी पाहतील.