'सीमोल्लंघन' : एका संज्ञेची उधळपट्टी

मराठी समीक्षेत 'सीमोल्लंघन' या संज्ञेची जी चलती आहे, ती तिच्या अर्थाला पोषक ठरलेली नाही. कादंबरीकाराने कवितेचा बाज स्वीकारला की सीमोल्लंघन, लेखिकेने देहाविषयी लिहिले की सीमोल्लंघन, ग्रामीण कथा इंग्रजीत गेली की सीमोल्लंघन. आणि एखादा संगणक-अभियंता न्यू जर्सीत स्थायिक झाला की त्याचेही सीमोल्लंघनच. वर्तमानपत्री मथळ्याला ही सैल चाल एकवेळ क्षम्य मानता येईल, कारण मथळ्याचे आयुष्य एका दिवसाचे असते. समीक्षेतील संज्ञेवर पुढचे विवेचन उभे राहायचे असते. ज्या संज्ञेने पाच निरनिराळ्या घटना सारख्याच दिसू लागतात, तिने समीक्षकाचे काम सोपे होत नाही, ते टळते.

या शब्दाच्या मागे एक विधी आहे आणि त्या विधीला एक निश्चित आकृती आहे. विजयादशमीच्या अपराह्णी गावकरी एकत्रितपणे शीव ओलांडून ईशान्येस जातात, शमीचे पूजन करतात, आपट्याची पाने सोने म्हणून घेतात आणि परततात. दारात औक्षण होते. पावसाळा सरून नद्यांना उतार पडल्यावर मोहिमेस निघण्याचा हा मुहूर्त होता, ही ऐतिहासिक स्मृतीही त्यात मिसळलेली आहे. यातील तीन गोष्टी निसटू देता येत नाहीत. ओलांडली जाणारी सीमा स्वतःच्याच गावाची असते. ती समूहाच्या संमतीने, किंबहुना आज्ञेने ओलांडली जाते. आणि जाणाऱ्याचे परतणे गृहीत धरलेले असते. सीमोल्लंघनाने सीमा पुसली जात नाही, उलट दरवर्षी ती नव्याने आखली जाते. रूढ विधीत औक्षणाचे तबक घेऊन उभी असलेली स्त्री तर उंबरठाही ओलांडीत नाही. स्त्रीलेखनाच्या गौरवासाठी नेमका हाच शब्द निवडणाऱ्यांनी त्या तबकाचा विचार केलेला दिसत नाही.

व्याकरणाकडे वळले म्हणजे गोंधळ अधिकच उघडा पडतो. 'वाङ्मयप्रकारांच्या सीमांचे सीमोल्लंघन' ही रचना प्रबंधांतून सर्रास भेटते. समासात सीमा आधीच असताना तिला पुन्हा षष्ठीत बाहेर उभे करण्याचे प्रयोजन काय? 'त्याने अमेरिकेला सीमोल्लंघन केले' हे वाक्यही असेच अडते. या शब्दाला गंतव्यस्थान नाही. जो निघाला तो शिवेपलीकडे गेला, एवढेच तो सांगतो. कोठून आणि कोठे हे सांगण्यास मराठीजवळ विभक्ती आहे: 'साताऱ्याहून मुंबईस गेला', 'देश सोडून कॅनडात राहिला'. या साध्या वाक्यांत दिशा आहे, मुक्काम आहे आणि आवश्यक तर कायमपणही आहे. 'उत्प्रवासी' आणि 'आप्रवासी' हे कोशातले जोडशब्द इंग्रजी उपसर्गांची नक्कल करून घडविले गेले. पंचमीचा प्रत्यय बिनबोभाट करीत असलेले काम त्यांच्याकडे सोपविण्याचा हट्ट फळला नाही, यात नवल नाही.

याहून महत्त्वाचा भेद समास आणि विग्रह यांतला आहे. 'सीमोल्लंघन' मंगल आहे. 'सीमेचे उल्लंघन' हा अपराध आहे. उल्लंघन या शब्दात ओलांडणे आणि मोडणे असे दोन्ही अर्थ मुळातच नांदतात. आज्ञेचे, नियमाचे, शस्त्रसंधीचे उल्लंघन होते तेव्हा दुसरा अर्थ पुढे असतो. 'सीमोल्लंघन' या समासाने मात्र मराठीत पहिला अर्थ धरून ठेवला व दुसऱ्याला बाहेरच ठेवले. म्हणूनच 'शत्रुसैन्याने सीमोल्लंघन केले' हे वाक्य कानाला खटकते, जणू त्या सैन्याला आपणच सोने वाटले. पाश्चात्त्य सिद्धान्तातील मर्यादाभंगाच्या कल्पनेसाठी मराठी समीक्षकाने हा शब्द उचलला तेव्हा त्याच्या हाती नेमकी उलटी वस्तू लागली. बंडासाठी त्याने सणाचा शब्द आणला. 'मर्यादाभंग' हा शब्द मराठीत होताच. तो कदाचित पुरेसा गोड वाटला नसावा.

'समुद्रोल्लंघन' या जवळच्या समासाशी तुलना करून पाहावी. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा समुद्रगमन निषिद्ध मानले जात होते आणि परतणाऱ्यापुढे प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहत होता. तेथे उल्लंघनात मोडणेच प्रधान होते. १८८६ मध्ये पदवी घेऊन त्या परतल्याही. परंतु त्या परतण्याची हमी कोणत्याही विधीने दिलेली नव्हती. या प्रवासाला 'सीमोल्लंघन' म्हटले की ज्या समाजाने तो दोषास्पद ठरविला, त्याच समाजाने जणू त्याला निरोपाचा विडा दिला असे चित्र उभे राहते. शब्दाची चूक येथे इतिहासाची चूक होते.

हीच चूक दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांच्या समीक्षेत अधिक गंभीर रूप धारण करते. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) किंवा लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) यांना 'सामाजिक सीमोल्लंघनाची गाथा' ठरविण्याकडे कल दिसतो. हेतू गौरवाचा असेल. पण सीमोल्लंघनाला आधी सीमेच्या आत असावे लागते. गावगाड्यात महाराकडे वेसकरकी होती आणि शिवेचा तंटा उभा राहिला की त्याची साक्ष प्रमाण मानली जाई. त्याचे घर मात्र वेशीबाहेर होते. सीमेचा सर्वांत जाणता माणूस सीमेच्या आत नव्हता. 'बलुतं'मधील गाव आणि मुंबईचा कावाखाना यांच्यातल्या येरझारांना म्हणूनच दसऱ्याची आकृती लागू पडत नाही. 'उपरा' हे शीर्षक तर, परतायला गावच नाही, हेच सांगते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने व त्याच्या पुढील विस्ताराने ज्या जमाती वसाहतींच्या कुंपणात कोंडल्या गेल्या, त्यांना परवानगीवाचून हद्द ओलांडणे हाच गुन्हा होता. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पोलिसांच्या मनातली हद्द गेली नाही. त्यांच्या संदर्भात 'उल्लंघन' हा शब्द अवश्य वापरावा, परंतु षष्ठीसह, आणि सीमा कोणी आखली हे त्याच वाक्यात सांगून.

यावर असा आक्षेप येईल की शब्दांचा अर्थविस्तार होतच असतो आणि समीक्षकाने भाषेचा पहारेकरी होऊ नये. आक्षेप खरा आहे, अपुरा आहे. साहित्य संमेलनातील ग्रंथदिंडीत वारकरी दिंडीचा विस्तार झाला. पालखी, चालणे, सामूहिकता टिकली, पालखीत ग्रंथ आले. 'अटकेपार' हा शब्द १७५८ च्या मोहिमेतून सुटून कोणत्याही दूरच्या यशास लागू झाला, तरी त्यातला पल्ला आणि अभिमान कायम राहिला. लक्षणेला मूळ अर्थाशी संबंध लागतो, हे आपल्या साहित्यशास्त्राने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. 'सीमोल्लंघन' मर्यादाभंगासाठी वापरताना आपले गाव, समूहाची संमती आणि परतणे ही तिन्ही सुटतात. मागे राहतो तो केवळ आवाज, आणि थोडा उत्सवी उजेड.

या शब्दाची आकृती आजच्या जीवनात खरोखर कोठे दिसत असेल तर ती बीड, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या भागांतील ऊसतोडणी कामगारांच्या वाटचालीत, तीही अर्धीच. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या गावची शीव ओलांडतात, समूहाने ओलांडतात आणि गाळप संपल्यावर परततात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात. निघण्यापूर्वी मुकादमाकडून 'उचल' घेतलेली असते, आणि ती फिटली नाही तर पुढच्या वर्षीचे निघणे आधीच ठरते. बाई येथे औक्षणाला मागे राहत नाही. कोयत्याचा निम्मा भाग तीच असते. अहवाल त्यांना 'स्थलांतरित' म्हणतात, या कर्मणी रूपात कर्ता दिसत नाही. त्यांच्या स्वतःच्या तोंडी असलेले वाक्य 'तोडीला जातो' असे आहे. त्यात सीमा नाही, गावाचे नाव नाही, पंचमी नाही; 'ला' हा प्रत्यय लागला आहे तो स्थळाला नव्हे, कामाला.