शाळा आणि घर : मागच्या बाकावरचें मौन

मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला कीं घराघरांतून एकच तक्रार ऐकूं येते : 'आतां तो ऐकत नाहीं.' शिक्षकांच्या खोलींत त्याच गोष्टीला 'उद्धटपणा' म्हणतात, आणि एकदां नांव मिळालें कीं विचार थांबतो. माझाहि थांबला होता.

गडचिरोली जिल्हा १९८२ सालीं चंद्रपुरापासून वेगळा झाला. त्याच्या दक्षिणेकडील अरण्यप्रदेशांत, एका आश्रमशाळेंत, मी नववीला मराठी शिकवीत असें. वर्गांतील बहुतेक मुलें माडिया. घरीं माडिया बोलावयाचें आणि शाळेंत मराठी वाचावयाचें. मागच्या बाकावर एक मुलगा बसे. प्रश्न विचारला कीं मान खालीं. पुन्हा विचारला कीं खिडकीबाहेर दृष्टि. मार्चमधील एका सकाळीं तो बाकावर झोपलेला आढळला. मीं त्याला उभें केलें आणि साऱ्या वर्गापुढें, मुलीहि होत्या, नको तें बोललों. त्यानें तोंडांतून शब्द काढला नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्याची जागा रिकामी होती.

मोहाचा हंगाम होता. फुलें रात्रीं गळतात आणि उजाडतां उजाडतां वेंचावीं लागतात. उशीर झाला तर गुरें, अस्वलें खाऊन जातात. आठवड्यानें मी त्याच्या गांवीं मुक्कामास गेलों. पहाटे तो झाडाखालींच होता. पाचोळा आधींच झाडून ठेवलेला, दोन धाकटीं भावंडें कामाला लावलेलीं. वडील आजारी होते. मला पाहून त्यानें खाट टाकली, पाणी दिलें, आणि संध्याकाळीं गोटुलांत वडीलधाऱ्यांमध्यें बसून माझ्या येण्याचें कारण स्वतःच सर्वांना समजावून सांगितलें. कोणीहि त्याला मध्यें अडविलें नाहीं. वर्गांत ज्याच्याकडून सहा महिन्यांत सहा वाक्यें निघालीं नव्हतीं, तो हाच मुलगा!

(गोटुलाविषयीं शहरांत भलत्याच कल्पना आहेत. माडियांच्या गांवीं तें गांवकीचें घर. सभा तेथें, पाहुण्याचा मुक्काम तेथें, तरुणांचें शिक्षणहि तेथेंच. व्हेरिअर एल्विननें १९४७ मध्यें बस्तरच्या मुरियांच्या घोटुलावर मोठा ग्रंथ लिहिला. अनेकांनीं त्यांतील चवदार भागच तेवढा लक्षांत ठेवला.)

अमेरिकेंत स्टॅन्ली हॉलनें १९०४ मध्यें या वयाला वादळाचा काळ ठरविलें. मार्गरेट मीडनें १९२८ मध्यें सामोआ बेटांवरील मुलींचें उदाहरण देऊन त्यावर शंका घेतली. तो वाद राहूं द्या. आजचें मेंदुविज्ञान सांगतें कीं संयम आणि दूरदृष्टि ज्या भागाच्या स्वाधीन आहेत, तो पंचविशीच्या सुमारास पक्का होतो. झोपेची वेळ या वयांत आपोआप पुढें सरकते. आणि बरोबरीच्यांपुढें झालेली मानहानि या मुलांना फार झोंबते. म्हणजे पहाटेच्या घंटेनें उठविलेल्या ज्या झोपेचा मला राग आला, ती निसर्गाची होती; आणि तिच्यासाठीं मीं निवडलेली शिक्षा सर्वांत वाईट होती. शिवाय गांवांत तो कर्ता, आणि शाळेंत विचारल्याशिवाय पाणीहि पिऊं शकत नव्हता. आपल्या घरींहि कांहीं निराळें नाहीं. दहावीच्या मुलाला आपण 'आतां तूं लहान नाहींस' असें बजावतों, आणि त्याची पुढील शाखा त्याला न विचारतांच ठरवितों.

परीक्षेला दहा दिवस उरले असतां तो परत आला. मीं वर्गापुढेंच माझी चूक कबूल केली. बोललों होतों चारचौघांत, तेव्हां क्षमा एकांतांत मागणें शोभलें नसतें. एक सहकारी म्हणाले, "अशानें धाक जातो." गेला असेल थोडा.

पुढेंहि त्या मुलानें वर्गांत हात वर केला नाहीं तो नाहींच. मात्र त्याच्या निबंधांत आतां चार ओळी अधिक असत, आणि त्यांत मला न कळणारा एखादा माडिया शब्द. त्याचा अर्थ विचारावयास मी मागच्या बाकापर्यंत जात असें.