झावळीची पाती आणि आजोबांचा उजवा हात

वसईत ईस्टरची चाहूल मला पंचांगावरून वा दिनदर्शिकेवरून लागत नाही; ती दवाखान्याच्या दारातून येते. सायकलला कोवळ्या झावळ्या बांधून मुले समोरच्या रस्त्याने जाऊ लागली, की झावळ्यांचा रविवार जवळ आला असे समजावे. त्यानंतरचा रविवार ईस्टरचा. त्याची तारीख दरवर्षी बदलते. चर्चच्या गणिताप्रमाणे २१ मार्च वा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान केव्हाही येतो आणि पुष्कळ वर्षी हनुमान जयंतीच्या आगेमागे असतो. या सणानिमित्त मुले घरी काय काय बनवतात, आणि त्या कामात घरातील वृद्धांना कसे बसवावे, याविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे. आपल्या घरी ईस्टर नसला तरी नारळाची पाती, कांद्याची साले आणि नातवंडे यांची वाण नसावी.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक आजोबा येत असत. आयुष्यभर वाडीत राबलेले, केळी आणि फुलशेती सांभाळलेले. सत्तरी ओलांडल्यावर पक्षाघाताचा झटका आला. बोलणे बरेचसे परतले, पाय चालू लागला, परंतु उजवा हात मागे राहिला. मी त्यांना रबराचा चेंडू दिला. दिवसातून तीन वेळा दाबायचा. प्रत्येक भेटीत मी विचारी, “चेंडू दाबता ना?” आणि आजोबा खिडकीबाहेर पाहत. सून मनापासून सेवा करणारी होती. शर्टाची बटणे ती लावी, घास ती भरवी, चहाचा कप ओठांशी ती धरी. “पपांना काही काही करू देत नाही मी, डॉक्टर,” असे ती अभिमानाने सांगे, आणि मीही तिला शाबासकी दिली होती. ती माझी चूक होती.

पक्षाघातानंतर दुबळा हात काही काळ वापरला नाही, की मेंदू त्याला हिशेबातूनच वगळू लागतो. पुढे स्नायूंत थोडी ताकद आली तरी माणूस तो हात पुढे करीत नाही. न वापरण्याची सवय जडते. आपण प्रेमाने जितके अधिक करून देतो, तितकी ती सवय घट्ट होते. चेंडूने ती सुटत नाही असे नाही, परंतु चेंडूला अर्थ नसतो. दाबला काय आणि न दाबला काय, जगात काही बदलत नाही. ज्याने पन्नास वर्षे हाताने काहीतरी उगवले, त्याला हे विशेष जाणवते.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी त्यांचा आठ-नऊ वर्षांचा नातू पाती घेऊन क्रूस विणायला बसला. त्याला जमेना. आई स्वयंपाकघरात, वडील कामावर. त्याने पाती आजोबांच्या मांडीवर टाकली. पुढचे मला सुनेने सांगितले: आजोबांनी प्रथम डाव्या हाताने पाती उचलली, एक घडी घातली, ती उलगडली. मग उजवा हात उचलून टेबलावर आणला आणि पातीवर ठेवला, नुसता वजनासारखा. डाव्या हाताने घडी, उजव्या हाताने दाब. पाऊण तास लागला. क्रूस वाकडा झाला. सून दोनदा मदतीला धावली आणि दोन्ही वेळा नातवाने तिला हुसकले.

या एका प्रसंगाने हात बरा झाला, असे मी म्हणणार नाही. तसे होत नसते. परंतु चेंडूने जे महिनाभरात झाले नाही, ते त्या पातीने एका सकाळी सुरू केले.

आता कृती. नारळाच्या झावळीची कोवळी, फिकट पिवळी पाती घ्यावी. जून हिरवी पाती घडीवर फाटते. पातीच्या मधला हीर घरातील मधल्या पिढीने चाकूने काढून द्यावा, म्हणजे प्रत्येक पातीच्या दोन लांब पट्ट्या होतात. एक पट्टी दुमडून वीतभर उंचीचा उभा दांडा करावा, दुसरी त्याहून आखूड दुमडून आडवी ठेवावी, आणि तिसऱ्या अरुंद पट्टीने दोहोंच्या छेदावर तिरपे वेढे देऊन मागे टोक खोचावे. एवढेच. पट्ट्या वाळू लागल्या तर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. येशू ख्रिस्ताच्या जेरुसलेम-प्रवेशाच्या वेळी लोकांनी झावळ्यांनी स्वागत केले, त्याची ही आठवण. पोलंडसारख्या थंड देशांत ताडमाड होत नाहीत, तेथे विलोच्या फांद्या नेतात. वसईला मात्र ही सामग्री अंगणात मिळते. क्रूस करायचा नसेल, तर त्याच पातीची भिंगरी, पिपाणी वा मनगटी घड्याळ करावे. कोकणात वाढलेल्या कोणत्याही आजी-आजोबांना यांतले एक तरी येतेच. त्यांना विचारून तर पाहा.

बैठकीकडे थोडे लक्ष द्यावे. पाठ टेकेल अशी खुर्ची, कोपर टेकेल एवढ्या उंचीचे टेबल, आणि प्रकाश खांद्यावरून यावा. पक्षाघाताच्या रुग्णाचे एका बाजूला दुर्लक्ष होत असेल, तर नातवाला त्याच बाजूला बसवावे, म्हणजे मान आणि नजर आपोआप तिकडे वळते. मी हे कितीदा तरी तोंडी सांगून पाहिले होते. आजोबा माझ्यासाठी मान वळवीत नसत, नातवासाठी वळवीत. कंपवात असल्यास औषधाची मात्रा घेतल्यावर ते लागू पडलेले असते त्या वेळी काम काढावे. स्वस्थ बसले असता थरथरणारा हात कामाला लागला की पुष्कळदा स्थिरावतो, हे पाहून नातवंडांना मोठे नवल वाटते. आमवाताने सकाळी बोटे आखडत असतील तर दहा-अकरा वाजता, कोमट पाण्यात हात पाच मिनिटे बुडवून मग बसावे. वीस मिनिटांनी थांबावे. उरलेले उद्या.

ईस्टरचे दुसरे काम अंड्यांचे. चाळीस दिवसांच्या उपवासकाळात पूर्वी युरोपात अंडी वर्ज्य होती. कोंबड्यांना अर्थातच उपवासाची कल्पना नसे; त्या अंडी देतच राहत, आणि सणापर्यंत घरात अंड्यांचा साठा होई. ती रंगवून वाटण्याची चाल त्यातून बळावली. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या हिशेबात सणासाठी सजवायच्या ४५० अंड्यांचा खर्च १८ पेन्स नोंदवलेला आहे. आपल्याला सहा अंडी पुरेत.

बाजारातील रंगांपेक्षा कांद्याची साले घ्यावीत, आणि ती सोलण्याचे काम आजीकडे द्यावे. आठ-दहा कांद्यांची कोरडी साले अर्धा लिटर पाण्यात वीस मिनिटे उकळून, गाळून, त्यात मोठा चमचाभर व्हिनेगर घालावे. पांढऱ्या कवचाची अंडी वेगळी, गार पाण्यात ठेवून, उकळी आल्यावर दहा-बारा मिनिटे शिजवावीत आणि निवल्यावर या रंगात अर्धा तास बुडवावीत. सुरेख विटकरी रंग चढतो. कोथिंबिरीचे पान ओल्या अंड्यावर चिकटवून, जुन्या नायलॉनच्या मोज्याच्या तुकड्यात घट्ट बांधून बुडवले, तर पानाची नक्षी फिकट उमटते. हळदीने पिवळा रंग मिळतो. व्हिनेगर घालताच कवचावर बारीक बुडबुडे का येतात, असे मूल विचारील. कवच चुनखडीचे असते, आम्ल लागले की त्यातून वायू सुटतो. मग आजीने हळदीत चिमूटभर चुना कालवून लाल रंग करून दाखवावा. एके काळी कुंकू हळदीपासूनच होई, हे आजच्या मुलांना ठाऊक नसते आणि आजीला ते सांगावेसे वाटत असते.

येथे डॉक्टर म्हणून चार गोष्टी सांगणे मला भाग आहे. मधुमेहाने बोटांची संवेदना कमी झालेल्यांनी गरम रंगात हात घालू नये. चटका बसल्याचे कळत नाही आणि फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. चमचा वापरावा, आणि पाणी कोमट झाल्यावरच भांडे टेबलावर यावे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर बोथट टोकाची कात्री द्यावी. कापलेच तर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे सलग दाबून धरावे, मध्ये मध्ये उघडून पाहू नये, आणि तरीही रक्त थांबले नाही तर डॉक्टरांकडे यावे. कच्च्या अंड्याला भोके पाडून तोंडाने फुंकून आतला बलक काढण्याची पद्धत मला पसंत नाही. कच्च्या अंड्यातील जंतू तोंडात जातात, आणि नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी वा हर्निया असलेल्यांनी असा जोर करू नये. उकडलेली अंडी खायची असतील तर आपल्या एप्रिलच्या उकाड्यात तासाभराहून अधिक बाहेर ठेवू नयेत. शीतकपाटात कवचासह आठवडाभर टिकतात. टोपलीत दिवसभर मांडून ठेवलेले अंडे शोभेचेच समजावे. तीन वर्षांखालील बाळ घरात असेल तर मणी, टिकल्या आणि थर्माकोलच्या गोळ्या आणूच नयेत, कारण ते सारे तोंडात जाते.

मार्झिपॅनच्या अंड्यांविषयी मला दरवर्षी विचारतात. मुंबई-गोव्याकडे ती बदामाऐवजी बहुधा काजूची करतात, आणि त्यांत साखर भरपूर असते. मधुमेही आजोबांनी साचे भरावेत, एक लहान तुकडा जेवणानंतर खावा. साचे भरण्यापासून मात्र त्यांना साखरेच्या भीतीने उठवू नये.

स्मृतिभ्रंश झालेल्या आजींविषयी थोडे अधिक. अल्झायमरमध्ये मेंदूचा जो भाग नव्या घटना नोंदवतो, तो आधी दुबळा होतो; हातांना अंगवळणी पडलेली कामे मेंदूच्या वेगळ्या भागांत साठलेली असतात आणि पुष्कळ काळ शाबूत राहतात. सकाळी काय खाल्ले हे न आठवणारी आजी पाती अचूक विणते ती यामुळे. म्हणून तिची परीक्षा घेऊ नये. “आजी, हा कोण सांग बरं?” हा प्रश्न आपण किती सहज विचारतो, आणि त्या प्रश्नासरशी तिचा चेहरा कसा मिटतो हे पाहत नाही. तिच्या हातात पाती द्यावी आणि शेजारी आपण विणू लागावे. काम सकाळी काढावे; दिवस कलताना अशा रुग्णांची अस्वस्थता वाढते. तिने पाचदा तीच घडी घातली तर घालू द्यावी. मुलांना याचे काही वाटत नाही, मोठ्यांनाच वाटते.

शुश्रूषा करणाऱ्या सुनांना, मुलींना आणि हल्ली काही घरांत मुलांनाही, मला एक विनंती करायची आहे. हे सर्व चालू असताना आपण त्या खोलीत बसू नये. तयारी करून द्यावी, सुरी आणि गरम भांडे आपल्याकडे ठेवावे, हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर राहावे आणि चहा घेत बसावे. पसारा होईल. शेजारच्या घरच्यासारखा सुबक क्रूस होणार नाही. सणाच्या आठवड्यात आपणास पाऊण तास टेकायला मिळाले, तर तेही औषधच आहे, आणि त्याची चिठ्ठी मी लिहून देण्यास तयार आहे.

फुटक्या अंड्यांची कवचे टाकू नयेत. ती उकळत्या पाण्यातून काढून, तळाला सुईने भोक पाडून, त्यांत चमचाभर माती घालावी आणि झावळ्यांच्या रविवारी प्रत्येकात रात्रभर भिजवलेले मेथीचे आठ-दहा दाणे पेरावेत. ईस्टरपर्यंत हिरवे कोंब वर येतात. पाणी घालण्याचे काम अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही जमते. खिडकीची कड हाताशी हवी आणि पिचकारी हलकी हवी. घटस्थापनेचे धान पेरलेल्या हातांना हे शिकवावे लागत नाही.

त्या आजोबांचा हात पूर्ण परतला नाही. लिहिणे गेलेच. शर्टाची वरची दोन बटणे मात्र ते स्वतः लावू लागले, आणि सून उंबऱ्यात उभी राहून वाट पाहायला शिकली. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारासाठी चर्चमध्ये जुन्या झावळ्या गोळा झाल्या. त्या जाळून त्यांचीच राख कपाळाला लावतात. नातवाने घरातल्या सगळ्या झावळ्या नेऊन दिल्या. दारावरचा तो वाकडा क्रूस तेवढा त्याने काढू दिला नाही.