मातृदिनी आईचे माहेरही आठवावे

श्रावण वद्य अमावास्या म्हणजेच पिठोरी अमावास्या. चौसष्ट योगिनींचे पूजन झाल्यावर माता खीरपुरीचा नैवेद्य मस्तकावर धरते आणि मागे वळून न पाहता विचारते, 'अतीत कोण?' पाठीशी उभी असलेली मुले आपापले नाव सांगतात व वाण घेतात. महाराष्ट्रात हा दिवस मातृदिन म्हणून पाळला जातो तो यामुळेच. या विधीत विचारणारी आई असते आणि नाव सांगणारे आपण. परंतु आईला तिचे नावगाव आपण कधी विचारले आहे काय, हा प्रश्न आज आम्ही सुज्ञ वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

हा प्रश्न आम्हांस पडला तो एका लाजिरवाण्या प्रसंगी. आईवडील दोघेही निवर्तल्यावर महालयाचे कर्तव्य आमच्याकडे आले. पितृत्रयी आणि मातृत्रयी यांची नावे घरच्या वंशावळीत होती, ती आम्ही घडाघडा सांगितली. नंतर गुरुजींनी विचारले, 'मातामहांचे नाव? त्यांच्या वडिलांचे? गोत्र?' मातामहांच्या नावापुढे आमची जीभ अडली. मातोश्री नव्हत्या, मामाही नव्हते. ज्यांना विचारावे असे कोणीच उरले नव्हते. शास्त्रात अशा वेळी सोय आहे. गुरुजींनी ती सांगून विधी पुरा केला. मनातली रुखरुख मात्र गेली नाही.

पुढे दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एक पितळी तांब्या निघाला. त्याच्या गळ्याशी मातोश्रींचे माहेरचे नाव कोरलेले होते व खाली त्यांच्या आजोबांचे संपूर्ण नाव. नातीच्या लग्नातला तो आहेर असावा. लहानपणी त्याच तांब्याने आम्ही पाणी प्यालो होतो. अक्षरे वाचण्याची बुद्धी मात्र कधी झाली नाही.

दोष शास्त्राचा नाही. श्राद्धात मातेच्या पितृकुलाला त्याने मानाचे स्थान दिले आहे. विस्मरण घडले ते आपल्या घरांत. लग्नात तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले गेले, की जुने नाव हाक मारणाऱ्यांबरोबरच संपते. वंशावळीत लेकी नसतात आणि सुना असल्या तरी त्यांचे माहेर नसते.

राजमाता जिजाऊंचेच पाहा. सिंदखेडच्या जाधवांची ही कन्या. १६२९ साली निजामशाहीच्या दरबारात त्यांचे वडील लखुजीराव व भाऊ मारले गेले, आणि पुढच्याच वर्षी शिवरायांचा जन्म झाला. माहेरचा हा घाव बाजूला ठेवून त्या मातेचे मन आपणांस कळेल काय? साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तिची पहिली रात्र आईच्या माहेराच्या वर्णनानेच सुरू होते. आई ही आधी कोणाची तरी लेक होती, हे त्या पुत्राने ओळखले होते.

महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बालकांच्या नावापुढे प्रथम आईचे व नंतर वडिलांचे नाव लिहिण्याचा नियम केला. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु कागदावर एक नाव चढले म्हणजे आई कळली असे नव्हे.

म्हणून आमची विनंती एवढीच, की यंदा वाण घेतल्यावर घटकाभर आईजवळ बसावे. आई नसेल तर मावशीजवळ, मामांजवळ बसावे. तिचे माहेरचे नाव, गाव, कुलदैवत, गोत्र, तिच्या आजोबांचे आणि आजीचे नाव वहीत उतरून घ्यावे. पितृपंधरवडा त्यानंतर पंधरा दिवसांनीच येतो; ही वही तेव्हा उपयोगी पडेल. परंतु केवळ तर्पणासाठी नव्हे, सांगताना तिच्या मुखावर जे उमटेल ते पाहण्यासाठीही हे करावे. आम्हांस ते पाहता आले नाही.

तांब्यावर आम्हांला आमचे पणजोबा सापडले. पणजीचे नाव मात्र कोठेही कोरलेले नाही.