पुणेकरांनो, पीटी-३ भरा आणि भाडेकरार नोंदवूनच घ्या

मिळकतकराची बिले घरोघर पोहोचली आहेत. कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की भाड्याच्या घरांसाठीही धावपळ सुरू होईल. या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि त्यात भरडला जातो तो भाडेकरू.

मालक स्वतः राहत असलेल्या घराला पुण्यात १९७० पासून मिळकतकरात ४० टक्क्यांची सवलत मिळत आली. २०१९ मध्ये राज्य सरकारने ती थांबवली, ओरड झाली आणि २०२३ मध्ये ती परत मिळाली. तरीही ज्यांच्या घराची आकारणी १ एप्रिल २०१९ नंतर झाली, किंवा महापालिकेच्या पाहणीत ज्यांची सवलत काढली गेली, त्यांना घरात स्वतः राहत असल्याचा पीटी-३ अर्ज द्यावाच लागतो. तेव्हा बिल नीट वाचा. सवलत दिसत नसेल तर सोसायटीचे पत्र आणि राहण्याचा पुरावा घेऊन क्षेत्रीय कार्यालय गाठा. हक्काचे पैसे आहेत, सोडू नका.

मात्र घर भाड्याने दिले की ही सवलत जाते. म्हणूनच काही मालक करार नोंदवायचे टाळतात. ‘नोटरी करू, तेवढं पुरतं’ म्हणतात आणि डिपॉझिट रोख मागतात. गावाहून आलेला मुलगा लाखभर रुपये मोजून देतो, पावतीही मिळत नाही. घर सोडताना रंगाचे कापले, नळाचे कापले, उरलेले ‘पुढच्या महिन्यात’. दाद मागायला त्याच्या हातात काय असते?

कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खर्चही फार नाही. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स भाडेकरारासाठी वीस हजार भाडे आणि एक लाख डिपॉझिट धरले, तर मुद्रांक शुल्क पावणेसहाशेच्या आसपास आणि शहरात नोंदणी फी हजार रुपये.

डिपॉझिट किती घ्यावे, याला मात्र या कायद्यात लिव्ह अँड लायसन्ससाठी मर्यादा नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तिचा इथे उपयोग नाही. राज्य हा कायदा कधी स्वीकारणार, हे आपल्या आमदारांना विचारा, लेखी विचारा.

मालकांना कळकळीची विनंती: घर भाड्याने दिले असेल तर पूर्ण कर भरा. तुमची ४० टक्के बचत दुसऱ्याच्या डिपॉझिटच्या जिवावर नको.

आणि भाडेकरूंनो, डिपॉझिट बँकेतूनच द्या. रक्कम आणि ती परत मिळण्याची मुदत करारात लिहून घ्या, घराचे फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा. नोंदणीला नकार मिळाला तर ते घर घेऊ नका.